दोन हातांचा गंधक आणि जर्मनचं पातेलं

आमचं वडनेर तुम्ही पाहिलं नसेल, ओलांडलं मात्र नक्की असेल. नागपूरहून हैदराबादकडे निघालात की हिंगणघाटनंतर ते येतं, आणि ड्रायव्हरला चहाची तल्लफ आली नाही तर तसंच मागे पडतं. आमच्या मागच्या अंगणात वडिलांनी बांधलेली गोबरगॅसची टाकी आहे, लोखंडी झाकण वरखाली होणारी, जुन्या खादी ग्रामोद्योगी नमुन्याची. वर्धा जिल्ह्याला या गोष्टीचं अप्रूप नाही. दत्तपूरचं ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र 1976 सालापासून असल्याच उद्योगात आहे, आणि मुंबईत तर माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात 1897 सालीच असा वायू वापरला गेला होता. या गॅसचा मोठा भाग मिथेन, आणि बिचाऱ्या मिथेनला वासच नाही. वासाची सगळी कीर्ती शेकड्यात एखादा टक्काही नसलेल्या हायड्रोजन सल्फाइडची.

तर नववीतली पुतणी वही घेऊन आली आणि म्हणाली, "काका, संयुजा म्हणजे काय?" मी वाणिज्य शाखेचा. पण पुतणीसमोर "मला येत नाही" म्हणायची पद्धत आमच्या घराण्यात नाही. म्हटलं, "संयुजा म्हणजे अणूचे हात गं. हायड्रोजनला एक. गंधकाच्या बाहेरच्या कक्षेत सहा इलेक्ट्रॉन, आठ व्हायला दोन कमी, म्हणून त्याला हात दोन. तो दोन हायड्रोजन धरतो आणि झाला एच-टू-एस. आत्ता वास येतोय ना, तोच!" वास येत होता हे खरं, कारण स्वयंपाकघरातल्या नळीचा ढिला सांधा मी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून स्वतः पक्का केला होता.

"पण ऑक्सिजनचेही दोनच हात ना? मग पाण्याला वास का नाही?"

"पाण्यावर संस्कार चांगले झाले," मी म्हणालो. नंतर तिच्याच पुस्तकांत डोकं घातल्यावर कळलं की सूत्र एकाच साच्याचं असलं तरी पाणी 100 अंशांना उकळतं आणि हा गडी उणे 60लाच उकळून हवेत फिरायला निघतो. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट धरून असतात, याचे तसे धरत नाहीत. संयुजेवरून कोण किती जणांना धरील एवढं कळतं, स्वभाव कळत नाही. तेवढ्यात पोरीने दुसरा प्रश्न टाकला: शेगडीत हाच वायू जळला की सल्फर डायऑक्साइड होतो, त्यात दोन ऑक्सिजन, प्रत्येकाचे हात दोन, मग गंधकाकडे चार आले कुठून? मी म्हणालो, "विस्तवाजवळ गेला की फुटतात." खरं कारण वेगळं: ऑक्सिजनच्या संगतीत गंधक आपले सहाही इलेक्ट्रॉन कामाला लावू शकतो, म्हणून त्याची संयुजा दोन, चार, सहा अशी बदलते, आणि सल्फ्युरिक आम्लात तर ती सहा असते. ती म्हणाली, "विस्तवाचं सरांना सांगू?"

"नको."

संयुजेचं प्रात्यक्षिक मात्र घरात केव्हाच सुरू झालं होतं. त्या सांध्याच्या बरोबर वर भिंतीतलं कपाट, आणि महालक्ष्म्यांची पूजा तोंडावर आल्यामुळे त्यात सौ.ने करंडा, निरांजन, जोडवी आणि तिच्या आईने दिलेली वाटी असं सगळं चांदीचं वैभव काढून ठेवलेलं. दार उघडलं तर सगळं काळंठिक्कर.

"अहो, हे काय करून ठेवलं?"

"चांदीचा एक हात, गंधकाचे दोन!" पुतणी आनंदाने ओरडली. "म्हणून एका गंधकाला दोन चांदी. काका, एजी-टू-एस!" विद्यार्थिनीला विषय समजला होता. सौ.ला मीही समजलो होतो.

भरपाई म्हणून मी चांदी उजळायला घेतली. वाचलं होतं की अॅल्युमिनियमचा चंदेरी कागद, गरम पाणी आणि खायचा सोडा पुरतो. कागद नव्हता, म्हणून भाताचं जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचंच, पातेलं घेतलं, त्यात सगळी चांदी तळाला टेकवली आणि वरून उकळतं सोड्याचं पाणी ओतलं. अॅल्युमिनियमची संयुजा तीन. त्याचे दोन अणू तीन गंधकांना ओढून घेतात आणि चांदीचे सहा अणू मोकळे होतात. तीन दुणे सहा, हिशेब चोख, वाणिज्यवाल्याला भरून आलं. चांदी खरोखर पांढरी होऊ लागली. पातेलं काळं होऊ लागलं. आणि सुटलेल्या गंधकातला थोडा पाण्यातल्या हायड्रोजनला भेटला, दोन-दोन करून, आणि तोच सडक्या अंड्यांचा वास घरभर परत आला.

शेजारच्या दादांनी कुंपणावरून विचारलं, "भाऊ, हा वास कायचा येऊन रायला?" मी म्हणालो, "चांदी साफ करतोय." त्यांनी त्यानंतर बराच वेळ काही विचारलं नाही.

पण माझा पराक्रम इथे थांबता तर बरं होतं. गळती मुळात टाकीतूनच असणार अशी माझी पक्की समजूत झाली, आणि तिथे वासही फारसा येईना, म्हणून मी झाकण बाजूला करवून आत उतरायला धोतराचा काचा मारला. तेवढ्यात दादा कुंपण ओलांडून धावत आले आणि त्यांनी मला बखोटीला धरून मागे ओढलं. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, खड्ड्यात तळाशी बसून राहतो. थोडा असला तर नाकाला लगेच कळतो, फार झाला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. पहिला माणूस पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि तोही वर येत नाही.

पातेलं काळं झालं तर चिंचेने घासता येतं. टाकीत, विहिरीत, सेप्टिक टँकमध्ये मात्र कुणाला उतरवू नका. वास येत नसेल तर मुळीच नका.