नवमीचा कांदा

आमच्या घराण्यात पोट ही खाजगी बाब नाही. आत्याचा सकाळी फोन आला की ती एवढंच विचारते, "झाली का?" कशाबद्दल, ते सांगावं लागत नाही.

माझ्या पोटाचं एसटीच्या आरक्षणावर बारीक लक्ष असतं. गाडी सातची असेल तर पावणेसातला कळ. तपासण्या झाल्या, दुर्बीण आत जाऊन आली, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "आयबीएस आहे. आतडं ठणठणीत आहे, फक्त हळवं आहे." आमच्यात इतकं हळवं दुसरं कुणीच नाही.

वैद्यांनी ग्रहणी म्हणून कुटजघन वटी, बेलाचा मुरंबा आणि ताक दिलं. निसर्गोपचारवाल्यांनी ताक तोडलं, दुधीचा रस धरला आणि पोटावर मातीची पट्टी ठेवून मला कुंडीसारखं उन्हात बसवलं. होमिओपॅथीवाल्यांनी स्वप्नात पाणी दिसतं का, इथपासून चौकशी करून साबुदाण्याएवढ्या गोळ्या दिल्या. महिनाभर बरंही वाटलं! पुढे वाचलं की हार्वर्डच्या टेड कॅप्चक यांनी 2010 साली आयबीएसच्या 80 रुग्णांवर प्रयोग केला. त्यातल्या निम्म्यांना यात औषध नाही असं तोंडावर सांगून गोळ्या दिल्या, आणि तीन आठवड्यांत त्यांना गोळ्या न घेणाऱ्यांपेक्षा जास्त आराम पडला. म्हणजे खरं सांगितलं असतं तरी चाललं असतं. मला गोळ्या न सांगता दिल्या. पैसे तेवढे सांगून घेतले.

शेवटी आहारतज्ज्ञ बाई. त्यांच्याकडे मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातला 'लो फॉडमॅप' आहार होता. काही शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि आपला फुगा होतो. म्हणून कांदा, लसूण, गहू, राजमा, दूध, आंबा बंद. कांद्या-लसणाविना मिसळ म्हणजे ओली मटकी. हिंगावर भागवावं म्हटलं, तर डबीवर बारीक अक्षरांत गव्हाचं पीठ!

काय चालेल त्या यादीत साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे. आईने ती चष्मा लावून वाचली.

"हे एकादशीचं आहे. आणि कांदा-लसूण नाही म्हणजे चातुर्मास. याचे दीड हजार दिलेस?"

"आई, हे ऑस्ट्रेलियातलं संशोधन आहे."

"तुझी आजी कुठे गेली होती ऑस्ट्रेलियाला?"

गंमत अशी की पोट खरंच शांत झालं. सहा आठवड्यांनी बाई म्हणाल्या, आता एकेक पदार्थ परत घेऊन बघायचा, अगदी थोडा, दिवसाआड वाढवत. पहिला मान कांद्याचा. तारीख त्यांनीच काढली. ती आषाढ शुद्ध नवमी निघाली. कांदेनवमी! बाईंनी लिहून दिली होती कांद्याची एक फोड. वहिनीने केली होती भजी, कांद्याचं थालीपीठ आणि कांदेभात. "फोडच खा," ती म्हणाली, "पण भज्यातली खा." डाळीचं पीठही वर्ज्य असल्यामुळे गुन्हेगार कांदा की बेसन, हा प्रश्न विज्ञानाला कायमचा अनुत्तरित राहिला. मी अकरा खाल्ली.

पोटाने दशमीभर नुसती गुरगुर केली. एकादशीच्या पहाटे टीव्हीवर विठ्ठलाची महापूजा चालली होती. माझी पाचवी वारी नुकतीच झाली होती. आईने आवाज कमी करून विचारलं, "आज काय खाशील?"

"खिचडी."

"उपास म्हणून, की ऑस्ट्रेलिया म्हणून?"