एकवीस वेताळ आणि एक घोडी

१९९७ च्या मे महिन्यात आठ दिवस मी जांभळा होतो. बँकेत कॅशच्या खिडकीशी आलेली माणसं नोटा मोजायचं सोडून माझ्या मानेकडे बघत राहायची. एका आजोबांनी न विचारताच निदान केलं, ‘‘नागीण दिसतेय. पूर्ण वेढा पडू देऊ नका.’’ मी मान डोलावली. नागीण झाली म्हटल्यावर निदान सहानुभूती तरी मिळते. वेताळ झालो होतो म्हटल्यावर काय मिळतं, ते मला घरी कळलं होतं.

वेताळ म्हणजे विक्रमादित्याच्या पाठीवर बसणारा नव्हे, इंद्रजाल कॉमिक्समधला. ली फॉकने १९३६ साली अमेरिकेत जन्माला घातलेला फँटम १९६४ पासून इंद्रजालमधून आपल्याकडे आला आणि मराठीत वेताळ झाला. मूळ गोष्टीतला ‘बेंगाली’ देश आपल्या बंगालशी घोटाळा नको म्हणून ‘डेंकाली’ झाला, ‘सिंग’ नावाचे चाचे ‘सिंगा’ झाले. हे सगळं मला फार उशिरा कळलं. पाचवीतलं एक अख्खं सत्र मी शाळेच्या नकाशात डेंकाली शोधण्यात घालवलं आणि भूगोलात नापास झालो.

१९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं. पुढे सहा वर्षांनी हॉलिवूडने वेताळावर सिनेमा काढला, त्यात बिली झेन. त्याची कॅसेट भाड्याने आणून मी पाहिली आणि सोफ्यावर पडल्या पडल्या म्हणालो, ‘‘हा कसला वेताळ? याच्यापेक्षा मी बरा करीन.’’ वाक्य तिथेच विरलं असतं. पण त्या वेळी आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सव मंडळाचे सेक्रेटरी नाना चहाला बसले होते, आणि संगीत खुर्ची सोडून काहीतरी नवीन करायचं म्हणून ते गेले दोन गणपती झुरत होते.

गणपतीत दाखवायला वेताळाचा सिनेमा काढायचं तिथेच ठरलं. माझी एकच अट होती. सिनेमा एकट्या वेताळाचा. इंद्रजालमधला मँड्रेक नको, बहादूर नको, मुलांची गाणी नकोत. नानांनी ‘‘हो हो, एकट्याचाच’’ म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या दोन नातवांना घेऊन आले. मागोमाग वर्गणी देणारे बाकीचे पालक आले. माझ्या दारात वीस मुलं उभी राहिली आणि प्रत्येकाला वेताळच व्हायचं होतं.

इथे ली फॉक धावून आला. वेताळ अमर आहे असं जंगलातले लोक मानतात, पण खरी गोष्ट अशी, की १५३६ पासून बापामागून मुलगा तो पोशाख चढवतो आणि आपण वाचतो तो एकविसावा. म्हणजे आधीचे वीस मोकळेच होते! मी मुलांना पिढ्या वाटून टाकल्या. प्रत्येकाने यायचं, कवटीवर हात ठेवून शपथ घ्यायची आणि मरायचं. नाना खूश झाले. ‘‘एकवीस? वा! मोदकही एकवीसच असतात.’’ एकट्याच्या सिनेमात एकवीस जण झाले, त्यांतले एकोणीस पहिल्या दहा मिनिटांत मेले. एकाने मरायला साफ नकार दिला. तो शेवटपर्यंत दर दृश्यात मागे कुठेतरी उभा आहे.

घरून विरोध झाला तो नावाला. माझी आजी शिरोड्याची. शेजारच्या आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे देव वेताळाला, लोक भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावभर फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात. ‘‘त्याचं सोंग करतोस, आणि तेही गणपतीत?’’ असं म्हणून ती माझ्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली, ‘‘चपला तरी धड घाल.’’ वेताळाच्या बायकोची, डायनाची भूमिका मी पत्नीला देऊ केली. ती म्हणाली, ‘‘अहो, तुम्हाला बँकेत नोकरी होती म्हणून मी हो म्हटलं. गुहेत राहणाऱ्याला म्हटलं नसतं.’’ त्यामुळे डायना कापली.

आता पोशाख. फॉकच्या मनात करडा रंग होता म्हणतात. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पानं सुरू झाली तेव्हा छापखान्यातून वेताळ जांभळा होऊन बाहेर पडला. इटलीत तो लाल आहे, स्वीडनमध्ये निळा. एवढी मुभा असताना मी करडा घ्यायला हरकत नव्हती, पण मी निष्ठावंत. हिवाळ्यात घालायचा पांढरा लोकरी जोड न्हाणीघरातल्या बादलीत, रंगाच्या तीन पुड्यांत उकळला. पुडीवर मीठ घालायला सांगितलं होतं. मी चवीपुरतं चिमूटभर घातलं. वर शिंप्याकडून पट्ट्यापट्ट्यांची चड्डी शिवून घेतली. ती कुठे घालायची हे कळल्यावर त्याने माप पुन्हा घेतलं, बहुधा डोक्याचं घ्यायचं राहून गेलं असावं. बिली झेनने या भूमिकेसाठी इतका व्यायाम केला होता, की पोशाखात खोटे स्नायू भरायची गरज उरली नाही. मलाही काही भरायची गरज पडली नाही. जागाच नव्हती.

वेताळाची ठसा उमटवणारी कवटीची अंगठी सराफाकडे मागितली, तर त्याने विचारलं, ‘‘कोणत्या ग्रहाची?’’ मग मी बँकेतला जुना रबरी शिक्का आणला. वेताळाचा ठोसा बसला की खलनायकाच्या गालावर ‘रोख दिले’ असं उमटायचं.

खरा घात केला डोळ्यांनी. वेताळाच्या मुखवट्यात बुबुळं दिसत नाहीत, नुसती पांढरी भोकं दिसतात. ग्रीक पुतळ्यांवरून फॉकला हे सुचलं होतं. चित्रात ते फार भीतिदायक दिसतं. मी मुखवट्याच्या भोकांवर आतून ट्रेसिंग पेपर चिकटवला. आरशात बघायला गेलो तेव्हा आरसा सापडला नाही. एवढ्यावरून तरी समजायला हवं होतं.

वेताळ राहतो त्या कवटीच्या गुहेसाठी आम्ही आमच्या नाशिकच्या पांडवलेणीवर गेलो. परवानगी काढायची असते हे तिथल्या रखवालदाराने इतक्या सौजन्याने सांगितलं, की आम्ही त्याला चिवडा देऊन खाली उतरलो. जंगल म्हणून एका परिचितांची गंगापूर रोडजवळची द्राक्षबाग मिळाली. एप्रिलची छाटणी झालेली. डेंकालीच्या घनदाट अरण्यात तारा, अँगल आणि बोडके बुंधे.

वेताळाचा घोडा पांढरा. नाशकात पांढरं जनावर लग्नाच्या घोडीवाल्याकडेच मिळतं आणि मे महिन्यात त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. त्याने दोन परण्यांच्या, म्हणजे नवरदेवांच्या मिरवणुकांच्या, मध्ये एक तास दिला. ‘‘सायब, वाजंत्री लागली की चालती ती. न्हाईतर हलत न्हाई.’’ म्हणून बागेच्या कडेला टेप लावला. मी आंधळा, बेचाळीस अंशांच्या उन्हात लोकर अंगावर, खाली घोडी. लग्नाच्या शूटिंगवाल्याने कॅमेरा सुरू केला आणि ओरडला, ‘‘नवरदेव, इकडे बघा!’’

घोडी चालली. टेपमधली कॅसेट संपली तरी चालली, कारण तोवर तिला दुसरीकडचा खरा बँड ऐकू आला होता. मला डांबराचा वास आला, मग उदबत्तीचा. घोडी थांबली. ते मारुतीचं देऊळ होतं, परण्या तिथे थांबतो. मी वाकून नमस्कार करेपर्यंत ती हलेना. मग पुन्हा निघाली आणि जिथे थांबली तिथे गुलाबपाण्याचा शिडकावा झाला. कुणीतरी बाई भाकरतुकडा ओवाळून टाकत म्हणाल्या, ‘‘अगं, मुलाचं तोंड का बांधलंय?’’ दुसऱ्या म्हणाल्या, ‘‘कांजिण्या असतील.’’ तिसऱ्यांनी चड्डी पाहिली असावी, कारण एकदम शांतता पसरली.

मुखवटा काढला तेव्हा मंगल कार्यालयाच्या दारात दोनशे माणसं होती. खरा नवरदेव पाचच मिनिटांत आला, लूनावरून. ती घोडी त्याचीच होती. मी उतरलो तर घोडीच्या पाठीवर मध्यभागी जांभळा ठसा उमटलेला. माझ्याच आकाराचा, नको तितका तपशीलवार. संध्याकाळच्या परण्यात घोडीवाल्याला त्यावर झेंडूच्या माळा पांघराव्या लागल्या. माळांचे दीडशे आणि घोडीचे तीनशे रुपये मी दिले. त्याने पावतीवर अंगठा उठवला. तोही जांभळाच.

गणपतीत पाचव्या दिवशी सिनेमा दाखवला. शूटिंगवाल्याला मिक्सिंगचे लग्नातलेच प्रकार येत होते, त्यामुळे वेताळ पहिल्यांदा प्रकट होतो तो बदामाच्या आकारात, वरून गुलाबाच्या पाकळ्या पडत असताना. प्रेक्षकांना सर्वांत आवडला तो न मेलेला मुलगा. आजीने माझ्या चपला ओळखल्या.

कॅसेट अजून कपाटात वरच्या खणात आहे. घरातला व्हीसीआर २००३ साली बिघडला आणि मी तो दुरुस्त करून घेतला नाही. वाचकांपैकी कुणाकडे चालू स्थितीतला व्हीसीआर असेल, तर कृपया आमच्या घरी कळवू नये.