वाफेनंच गेलं!

पुण्यात पाऊस ओसरू लागला की टेकडीवर, मोकळ्या प्लॉटांवर, रुळांच्या कडेला गाजरगवत पांढरंशुभ्र फुलतं. १९५०च्या दशकात ते अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं म्हणतात. गहू खाऊन संपला, गवत राहिलं. दर सप्टेंबरात मी असा शिंकतो की आरतीतल्या झांजाही मागे पडतात.

मग मी १० मिलिग्रॅमची सेट्रिझिन घेतो. काहींना तिचा गुण २० मिनिटांत जाणवू लागतो, बहुतेकांना तासाभरात. पण आमच्या घरात तासभर थांबायचं कोणी?

पाचव्या मिनिटाला आई विचारते, "थांबल्या का रे?" दहाव्या मिनिटाला तव्यावर ओवा तडतडतो आणि फडक्यात बांधलेली गरम पुरचुंडी नाकाशी येते. पाठोपाठ हळद घातलेलं दूध. मग शेजारच्या काकू निलगिरीचे थेंब टाकलेलं वाफेचं पातेलं घेऊन हजर. टॉवेलखालून लालबुंद होऊन मी डोकं बाहेर काढतो, तोवर गोळीचा तास भरलेला असतो. "बघा, वाफेनं कसं झटक्यात गेलं!" गोळी बिचारी पोटात गप्प.

तसं पाहिलं तर ती शिंका आणणाऱ्या हिस्टामिनला हाकलतही नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकावा, तशा त्याच्या जागा आधीच धरून ठेवते. म्हणून फिरायला निघण्यापूर्वीच गोळी घ्या, असं डॉक्टर सांगतात. तीही युक्ती करून पाहिली. शिंकच आली नाही. आई म्हणाली, "मी म्हणतच होते, तुला काही झालेलं नाही."

चोंदलेलं नाक मात्र गोळीला फारशी दाद देत नाही. त्यासाठी स्टिरॉइडचा फवारा असतो. रोज नेमानं मारला तर पुरता गुण यायला काही दिवस जातात. आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी 'यात नुसतं पाणी भरलंय' असा निकाल लागून तो फ्रिजवर, जुन्या बिलांशेजारी जाऊन बसला.

यंदा डॉक्टरांनी फेक्सोफेनाडिन लिहून दिली. तिनं सहसा झोप येत नाही. पाण्याबरोबरच घ्या, असं बजावलंही होतं, कारण संत्र्याच्या रसाबरोबर ती अंगात पुरेशी शोषली जात नाही. पण आईच्या मते आजारी माणसानं नुसतं पाणी पिणं म्हणजे घराची अब्रू जाणं. तिनं नागपुरी संत्र्यांचा रस काढला. दुपार झाली तरी माझं आपलं चालूच.

"तुझा डॉक्टरच बदलायला हवा," आई म्हणाली आणि पेला पुन्हा काठोकाठ भरला.