स्टिकर नको, वॅट विचारा

सणासुदीला भिलाईच्या बाजारात, सुपेला असो की पॉवर हाऊस, एक पाटी हमखास दिसते: ‘आय-सेव्हन कॉम्प्युटर, आठ जीबी रॅम, मॉनिटरसकट, दहा-बारा हजारांत.’ पाटीवरचा शब्द न शब्द खरा असतो आणि तरीही गिऱ्हाईक फसते. कारण त्यात पिढी लिहिलेली नसते. डब्यात निघतो तो बहुतेक वेळा कोअर आय-सेव्हन २६०० किंवा त्याच्या आगेमागचा कुणी. हा प्रोसेसर इंटेलने जानेवारी २०११ मध्ये बाजारात आणला. कुठल्या तरी कार्यालयाच्या भंगारातून तो निघतो, चीनमध्ये आजही बनणाऱ्या एच-६१ बोर्डावर बसतो, वर चकचकीत कॅबिनेट आणि आत रंगीत दिवे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

त्या २६०० चा आकडा ९५ वॅटचा. आता दुसरा आकडा बघा. जानेवारी २०२३ मध्ये इंटेलचाच एन-१०० आला. चार कोअर, सहा वॅट. ब्राउझर, पत्रे, हिशेब, मराठी टंकलेखन, व्हिडिओ या घरगुती कामांत तो जुन्या आय-सेव्हनच्या बरोबरीने चालतो, एकेकट्या कामात तर थोडा पुढेच. पंच्याण्णव वॅटचे काम सहा वॅटवर आले, आणि आमच्या बाजारात अजून पंच्याण्णवचीच जाहिरात चालू आहे. ‘अंकल, आय-सेव्हन है, आँख मूँद के ले जाओ.’ डोळे मिटून घ्यायचीच ही वस्तू, कारण डोळे उघडे ठेवले तर कुणी घेणार नाही.

दुकानदार म्हणेल, हे वॅट फक्त कागदावरचे. निम्मे खरे आहे. प्रोसेसर रिकामा बसला की पूर्ण ताकद ओढत नाही. पण घरातला कॉम्प्युटर करतो काय, ते बघा. भिलाईतल्या घरांत तो बहुतेक जेईई-नीटची तयारी करणाऱ्या पोरांसाठी येतो आणि दिवसातले चार-सहा तास यूट्यूबवरची लेक्चर्स चालतात. हे व्हिडिओ आता व्हीपी-नाईन आणि एव्ही-वन या नव्या पद्धतींनी आवळलेले असतात. एन-१०० मध्ये ते उलगडण्यासाठी स्वतंत्र जागा आहे. थोड्याशा विजेत काम होते, पंखा कुरकुरतही नाही. २०११ च्या चिपला या दोन्ही पद्धती ठाऊकच नाहीत, त्यामुळे व्हिडिओतले प्रत्येक चित्र तिला मुख्य प्रोसेसरच्या बळावर सोडवावे लागते. भौतिकशास्त्राचे एक लेक्चर सुरू झाले की पंखा घरघरायला लागतो आणि कॅबिनेटच्या मागून गरम हवा येते. मग दुकानदार सल्ला देतो, ‘ग्राफिक कार्ड लगा लो’, आणि हाती जीटी ७१० ठेवतो. व्हीपी-नाईन त्यालाही येत नाही. पैसे गेले, वर आणखी १९ वॅटचा पाहुणा कायमचा घरी आला.

मला राग येतो तो हे भिलाईत घडते म्हणून. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हापासून हे गाव ऊर्जेचा हिशेब करत आले आहे. एक टन कच्च्या पोलादामागे किती गिगाकॅलरी ऊर्जा लागली, हा आकडा ‘सेल’ या सरकारी पोलाद कंपनीच्या कारखान्यांत काटेकोर पाहिला जातो आणि तो खाली आणण्यासाठी माणसे वर्षानुवर्षे डोके लावतात. इथल्या कारखान्यात तीस-तीस वर्षे घालवलेला, कधीकाळी भंडारा-गोंदियाकडून आलेला मराठी माणूस संध्याकाळी मुलासाठी कॉम्प्युटर घ्यायला जातो आणि ‘हा किती वॅट खातो?’ एवढेही विचारत नाही. फ्रिज घेताना चांदण्या मोजतो, एसी घेताना मोजतो. दुकानात जोडून दिलेल्या कॉम्प्युटरवर चांदण्याच नसतात, म्हणून प्रश्नही संपला!

‘वीज वाचवणारे सामान महाग पडते’ हा समज इथे घट्ट बसला आहे, आणि तो कॉम्प्युटरपुरता साफ चूक आहे. घरच्या कॉम्प्युटरमध्ये जे स्वस्त तेच कमी खाते, फक्त दुकानदाराच्या यादीतल्या काही ओळींवर काट मारायची हिंमत हवी. पहिली काट ग्राफिक कार्डावर. खेळ खेळायचे नसतील, चित्रपटांचे संपादन करायचे नसेल, तर प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स पुरते. पण यादीत प्रोसेसरच्या क्रमांकाशेवटी ‘एफ’ आहे का ते आधी बघा. १२१०० आणि १२१००एफ यांत फरक एवढाच की एफवाल्यात चित्र दाखवायची सोय नाही. तो थोडा स्वस्त म्हणून पुढे केला जातो आणि मग कार्ड घेणे भागच पडते. एका अक्षरापायी हजारोंचा खड्डा आणि जन्मभराचे जादा वॅट.

आता एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा. या डब्याकडे कुणी बघत नाही आणि सगळा घोळ इथेच आहे. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ येणाऱ्या एसएमपीएसवर ४५० किंवा ५०० वॅट छापलेले असते. हातात घेऊन बघा, पोकळ लागतो. घरातल्या २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करताना तो किती वीज वाया घालवतो, हे त्याच्यावर कुठेच लिहिलेले नसते. २००४ पासून ‘८० प्लस’ नावाची खूण आहे: क्षमतेच्या २०, ५० आणि १०० टक्के भारावर किमान ८० टक्के वीज कामाला लागली पाहिजे. खूण असलेला घ्या, हे तर झालेच. पण साधा कॉम्प्युटर तीस-चाळीस वॅटवर चालतो आणि ६५० वॅटच्या एसएमपीएसवर हा भार पाच-सहा टक्के होतो. त्या खालच्या टोकाला ब्राँझ, गोल्ड या खुणांची चाचणीच होत नाही आणि बहुतेक एसएमपीएस तिथेच सगळ्यात जास्त वीज उधळतात. म्हणून ‘बडा ले लो, आगे काम आएगा’ हा सल्ला मोडीत काढा. मिळेल त्यातला लहान, खूण असलेला, नावाजलेल्या कंपनीचा घ्या. एन-१०० चा छोटा डबा, म्हणजे मिनी पीसी, घेतलात तर हा प्रश्नच मिटतो. तो लॅपटॉपसारख्या अडॅप्टरवर चालतो, आणि त्या अडॅप्टरवर बीआयएसची खूण असणे भारतात बंधनकारक आहे. ती तेवढी बघून घ्या.

आता पैशांचा हिशेब, प्रामाणिकपणे. जुना आय-सेव्हन कार्डासह आणि नवा छोटा डबा यांच्या रोजच्या वापरात साठ वॅटचा फरक धरू. रोज आठ तास चालला तर महिन्याला जवळपास साडेचौदा युनिट. युनिटला पाच रुपये धरले तर महिन्याला ७२ रुपये, वर्षाला साडेआठशेच्या वर, पाच वर्षांत चार हजार तीनशे. या रकमेत कुणी श्रीमंत होणार नाही. पण दहा-बारा हजारांच्या ‘स्वस्त’ कॉम्प्युटरवर चार हजार म्हणजे किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, आणि ते पाटीवर लिहिलेले नसतात. छत्तीसगडात तर हे युनिट आणखी बोचतात. ४०० युनिटपर्यंतचे बिल निम्मे करणारी योजना २०१९ मध्ये आली. ऑगस्ट २०२५ मध्ये तिची मर्यादा १०० युनिटवर आणली गेली आणि डिसेंबरपासून ती २०० झाली. अशा मर्यादेच्या काठावरच्या घराला साडेचौदा युनिट म्हणजे नुसते बहात्तर रुपये नव्हेत. आणि ही वीज येते कुठून, हे आपल्याला कुणी सांगायला नको. कोरब्याची कोळशावरची वीजकेंद्रे डोळ्यांसमोर आहेत, भिलाईतच एनटीपीसी-सेलचे अडीचशे मेगावॅटचे दोन संच उभे आहेत. एका युनिटमागे अर्धा किलोहून जास्त कोळसा जळतो. त्याची राख छत्तीसगडच्याच मातीवर पडते.

बिलाहून मला उष्म्याची गोष्ट मोठी वाटते. कॉम्प्युटर जेवढे वॅट खातो तेवढी सगळी उष्णता खोलीत सोडतो. मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळीसला टेकलेला, सेक्टरमधल्या क्वार्टरची एक खोली, कूलर धापा टाकतोय आणि टेबलाखाली ऐंशी वॅटची शेगडी. पोरगं त्या खोलीत परीक्षेचा अभ्यास करतंय! याच कारणासाठी एक सावधगिरी सांगतो: बिनपंख्याचे छोटे डबे भिलाईत घेऊ नका. परदेशातल्या थंड खोलीत ते छान चालतात. इथल्या उन्हाळ्यात ते तापले की स्वतःचा वेग कमी करून घेतात. लहानसा पंखा असलेला घ्या आणि दर दोन महिन्यांनी ब्रशने धूळ काढा. या गावात धूळ कशी बसते, हे कपडे वाळत घालणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

यूपीएसचेही तसेच. दुकानात मिळणाऱ्या साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते. वीज गेल्यावर जुना आय-सेव्हन आणि मॉनिटर तिच्यावर पंधरा-वीस मिनिटे निघतात. छोटा डबा आणि मॉनिटर मिळून पस्तीस वॅट खात असतील तर तीच बॅटरी पाऊण-एक तास पुरते. ऑनलाइन चाचणी चालू असताना या फरकाची किंमत पोरांना विचारा.

मग घ्यायचे काय? निव्वळ अभ्यास, व्हिडिओ, बँकेची कामे आणि पेन्शनची कागदपत्रे असतील तर एन-१०० चा डबा, एसएसडी, आठ जीबी रॅम. त्याला रॅमची वाट एकच आहे, दोन पट्ट्यांचा आग्रह धरू नका. मुलगा इंजिनिअरिंगला जाणार, कोडिंग करणार, पुढे डबा उघडून भर घालायची असेल, तर कार्डाशिवायचा कोअर आय-थ्री १२१०० किंवा रायझन ५ ५६००जी. दोघेही चांगल्या एसएमपीएसवर रिकाम्या वेळी वीस-तीस वॅटमध्ये बसतात. रायझनला मात्र रॅमच्या दोन पट्ट्याच द्या, त्याचे ग्राफिक्स त्यांच्यावर पोसले जाते. हात अगदीच आखडता असेल तर कंपन्यांतून परत आलेले लहान डेस्कटॉप शोधा, ज्यात आय-फाईव्ह ८५००टी असतो. सहा कोअर, ३५ वॅट, २०१८ चा. ‘टी’ हे अक्षर शोधण्यासारखे आहे. भिलाईत नाही मिळाले तर नागपूरला जाणे-येणे आपल्याकडे कुणाला नवे आहे? सीताबर्डीला विचारा.

रॅमबद्दल एक इशारा. २०२५ च्या शेवटी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा बाजार उचलून नेला आणि भाव भडकले. मायक्रॉनने तर डिसेंबरात ‘क्रुशल’ हे घरगुती ग्राहकांचे नावच बंद करत असल्याचे जाहीर केले. तेव्हा ३२ जीबीची हौस सोडा. आठने भागत असेल तर आठच घ्या, सोळा लागत असेल तर आजचा भाव दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या.

आणि घरात जुना कॉम्प्युटर धड चालत असेल, तर नवा घेऊच नका. नवे यंत्र बनवायलाही ऊर्जा लागते. जुन्यातले कार्ड काढा, हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवा, रॅम पुसून पुन्हा लावा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आठव्या पिढीच्या आधीचे जवळपास सगळे इंटेल प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. तिथे लिनक्स टाका, देवनागरी त्यातही उत्तम चालते. पाटीवरचा ‘नवा’ आय-सेव्हन याच यादीबाहेरचा आहे, हेही दुकानदार सांगत नाही.

एक काम आज रात्रीच करा. सेटिंगमध्ये जाऊन दहा मिनिटांनी मॉनिटर बंद आणि अर्ध्या तासाने स्लीप, असे लावा. स्क्रीनसेव्हरने वीज वाचत नाही, पडदा पेटलेलाच राहतो. स्लीपमध्ये कॉम्प्युटर दोन-तीन वॅटवर येतो. याला एक रुपया लागत नाही.

आणि दुकानात गेलात की पक्के बिल घ्या. त्यावर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक शेवटच्या अक्षरासह, बोर्डाचे नाव आणि एसएमपीएसचे मॉडेल लिहून घ्या. नुसते ‘आय-सेव्हन कॉम्प्युटर, एक नग’ असे बिल घेऊ नका. जो दुकानदार एवढे लिहून द्यायला तयार नाही, त्याच्याकडून काहीही विकत घेऊ नका.