कॉपी होऊन राहिली, काकाजी!

सर्वप्रथम हे ध्यानात घ्यावे की लग्न लावण्यापेक्षा लग्न हार्ड डिस्कमध्ये भरण्याला जास्त वेळ लागतो. मंगलाष्टके संपली की भटजी मोकळे. पण तेच लग्न दोन कॅमेरे आणि एका ड्रोनमधून उतरले की २०० जीबीचे होते. नेर परसोपंतातल्या आमच्या स्टुडिओत ते संगणकातून डिस्कमध्ये जाते आणि डिस्क एसटीने अमरावतीला, मिक्सिंगला. बसची वेळ झालेली असते, आणि काउंटरपुढे नवरीचे काकाजी उभे असतात. पुढील मार्गदर्शन खास त्या प्रसंगासाठी.

"काहून थांबलं भाऊ?" असे काकाजींनी विचारताच प्रथम विजेला दोष द्यावा. मग नेटला. कॉपीचा नेटशी काडीचाही संबंध नाही, पण ते लगेच पटते आणि पाच मिनिटे मिळतात. पडद्यावर दिसणारा उरलेला वेळ मात्र काकाजींना दाखवू नये. संगणक त्या क्षणाच्या वेगावरून हिशेब करतो, त्यामुळे बारा मिनिटे, दोन तास, चाळीस सेकंद असे काहीही सांगतो. लग्नघरी "पंगत बसूनच राहिली" म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

एवढे सोपस्कार झाल्यावर केबल हातात घ्यावी. खरा रोग बहुधा तिथेच असतो.

डिस्कच्या कडेला खाच असते, ती नीट बघा. एक लांबट भाग, त्याला चिकटून दुसरा आखूड. केबलच्या टोकालाही तसाच कनेक्टर हवा. पण लांबट भागात जुन्या मोबाइलच्या चार्जरची पिनही चपखल बसते. आमच्या पोऱ्याने ती बसवली आणि आम्ही एक अख्खा सीझन तशीच डिस्क भरत राहिलो. दिवा लागतो, डिस्क उघडते, कोणी तक्रार करत नाही. फक्त यूएसबी ३ ची डिस्क यूएसबी २ च्या चालीने चालते.

ती चाल काय, तर २००० सालची: सेकंदाला ४८० मेगाबिट. आकडा भारदस्त वाटतो, पण बिट म्हणजे बाइट नव्हे. आठाने भागा, ६० उरतात. हातात पडतात ३० ते ४० मेगाबाइट. २००८ च्या यूएसबी ३ ने हा रस्ता दहापट रुंद केला. पण केबल जुनीच असेल तर उपयोग नाही. आपली शकुंतला रेल्वे आठवा. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, अडीच फुटी रूळ. १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन होते, मग डिझेलचे आले. रूळ अडीच फुटीच राहिले. (ती नेरला कधी आलीच नाही, दारव्ह्यावरून गेली. ते दुःख वेगळे.)

हिशेब करून पाहा. ३५ च्या वेगाने २०० जीबीला दीड तासाच्या वर लागतात. एसटीलाही अमरावतीला पोचायला दीडेक तास लागतो. म्हणजे टेबलावरच्या हातभर केबलमधून लग्न ज्या गतीने जाते, त्याच गतीने लाल बस ते अमरावतीला नेते, आणि वर बडनेऱ्याला सवारीही उतरवते. योग्य केबल लावली तर डिस्क तिच्या स्वतःच्या वेगाने, म्हणजे शंभराच्या आसपास लिहिते. अर्ध्या-पाऊण तासात काम संपते. संगणकाच्या बाजूला निळी खाच शोधावी आणि पिन देवापुढे वात सरकवावी तशी हळूहळू सरकवू नये. जुने चार संपर्क आधी टेकतात, आणि संगणक कधी कधी तेवढ्यावरच डिस्कला जुनी समजून बसतो. एका दमात बसवावी.

केबल बदलूनही रखडत असेल तर फोटो बघा. आठ हजार फोटो आणि तेवढ्याच वजनाचा एक व्हिडिओ सारखे नसतात. आहेराच्या वहीवर बसलेल्याला विचारा: पाच हजारांचे एक पाकीट लिहायला जेवढा वेळ, तेवढाच अकरा रुपयांच्या पाकिटाला. प्रत्येक फाइलचे नाव लिहावे लागते, शिवाय अँटीव्हायरस प्रत्येकीला दारात थांबवून चौकशी करतो. सगळे फोटो आधी संगणकावरच एका झिप फाइलमध्ये बांधून मग पाठवावे.

काही स्वस्त डिस्का आतून कवेलूच्या छपरासारख्या असतात. एका ओळीवर दुसरी चढवून माहिती लिहिलेली. मधले एक कवेलू बदलायचे तर पुढची उचलावी लागतात. कोरी असताना पळते, पुसून-पुसून भरली की धापा टाकते. इथे केबलचा इलाज नाही, चहा मागवावा. आणि आतून कट् कट् आवाज आला तर कसलाही इलाज न करता जेवढे निघेल तेवढे आधी बाहेर काढावे.

"झालं काय?" काकाजी आता खुर्चीवरून उठलेले असतात. शंभर टक्के दिसले तरी केबल उपटू नये. काही माहिती अजून संगणकाच्याच खिशात असू शकते. सेफली रिमूव्ह करून, दिवा विझल्यावरच डिस्क पिशवीत घालावी.

आणि एवढे कराच: अमरावतीहून "उघडली, सगळं दिसून राहिलं" असा फोन येईपर्यंत कॅमेऱ्यातले कार्ड फॉरमॅट करू नका. काकाजींनी कितीही घाई केली तरी.