कोपऱ्यावरच्या घरातले बन

अहो काकू, या बघू जरा कुंपणाशी. सकाळपासून लोण्या-खोबऱ्याचा वास सुटलाय ना, तो कोपऱ्यावरच्या हाँगकाँगच्या आजींकडचा. मी जाऊन आले. जाऊन काय, दोन खाऊनही आले!

कॉकटेल बन म्हणतात त्याला. छे हो, दारूचा थेंब नाही त्यात! लांबट, मऊ गोड पाव, आत साखर-खोबऱ्याचं सारण, वर दोन पांढऱ्या रेघा आणि तीळ. आजी हाँगकाँगातल्या शाम शुई पोच्या गल्ल्यांत वाढल्या. शाळा सुटली की हाच बन लागायचा म्हणे. आपल्या या टोरांटो-मार्कम पट्ट्यात हाँगकाँगवाल्यांच्या बेकऱ्यांना तोटा नाही, मग ही खटपट कशाला? तर म्हणाल्या, "दुकानवाले सारणात हात आखडतात." खरंय ते. विकतचा बन मोडावा तर आत नुसती पोकळी आणि कोपऱ्यात चिमूटभर खोबरं.

आता खरी गंमत ऐका. या बनवरून मायलेकींची जुंपलीय! त्याचं असं झालं, १९५० च्या दशकात हाँगकाँगातल्या कुणा बेकरीवाल्याने उरलेले बन फेकवेनात म्हणून कुस्करले, त्यात साखर, खोबरं, लोणी कालवलं आणि ताज्या कणकेत भरून विकले, अशी तिकडची गोष्ट. म्हणजे आपला शिळ्या पोळीचा लाडूच की! लेक म्हणते, आता कशाला शिळंपाकं? ताजा मैदा नि दूध पावडर घालावी. आजी हटून बसल्यात. कालचा पाव किसून घातल्याशिवाय त्यांचं सारण होतच नाही. मधेच जावई म्हणाला, चॉकलेट घालू या का? आजींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की बिचारा अंगणातलं गवत कापायला निघून गेला.

आजींचा हात मात्र बघत राहावा असा. आधी २० ग्रॅम मैदा १०० मिली पाण्यात कालवून मंद आचेवर खळ करतात. ढवळताना तळाशी चमच्याची रेघ उमटली की लगेच उतरवायची. ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास होतं ते. गार झाली की कणकेत. शिजलेलं पीठ पाणी धरून ठेवतं, म्हणून पाव दुसऱ्या दिवशीही मऊ. कणीक फुगली की गोळा लांबट थापायचा, मधे बोटाएवढा सारणाचा वळ ठेवायचा आणि कडा अशा चिमटायच्या, की लोण्याला पाझरायला फट मिळू नये. सारणात पावाचा चुरा नाहीतर मैदा हवाच, त्याशिवाय वितळलेलं लोणी धरून कोण ठेवणार? वरून अंड्याचा हात, तीळ. लोणी-साखर-मैदा फेटून पिशवीच्या कापलेल्या कोपऱ्यातून रेघा ओढल्या. ३५० फॅरनहाइटला साधारण पाव तास. बाहेर काढल्या काढल्या साखरेच्या पाकाचा ब्रश फिरवला, म्हणून ती चकाकी.

काय म्हणता, अंडं चालत नाही? मग तुमच्यासाठी दुधाचा हात देऊ, आणि कणकेतलंही वगळायला सांगू. रंग जरा फिका येईल, एवढंच. सोबतीला त्यांचा तो कडक चहा, डब्यातलं आटीव दूध घातलेला. आलं नसलं तरी आवडेल तुम्हाला.

मी दोन्ही सारणं चाखली. लेकीचं दिसायला गुळगुळीत, पण टाळूला मैद्याचा चिकटा राहतो. आजींचं रवाळ, खोबरं दाताखाली नीट लागतं. तर माझं मत आजींना. शनिवारी पुन्हा घालणार आहेत घाट. तोवर तुमच्याकडचा शिळा ब्रेड पक्ष्यांना घालू नका काकू, माझ्याकडे द्या, मी पोचवते.