मुरमांची पिशवी

तलासरीत मुरूम एका मुलीच्या गालावर येतात आणि इलाज साऱ्या आळीला ठाऊक असतो. लिंबू, मुलतानी माती, कडुनिंबाचा पाला, टूथपेस्ट असा सगळा पाहुणचार माझ्या भाचीच्या चेहऱ्याने घेऊन झाला. बारावीचं वर्ष लागलं तशी ती डोळ्यांखालपर्यंत ओढणी गुंडाळून कॉलेजला जाऊ लागली. तेव्हा ताईने जाहीर केलं, "आता स्किनच्या डॉक्टरला दाखवायचं."

कुठल्या, यावर बैठक बसली. तलासरी म्हणजे अहमदाबाद हायवेवर, गुजरातच्या उंबरठ्यावर. त्यामुळे निम्म्या नातेवाइकांचा जीव वापीत, उरलेल्यांचा डहाणूत. भावजींच्या मते वापीला गेलं की बाजारही उरकतो. शेवटी डहाणूवर शिक्कामोर्तब झालं, कारण मी डहाणूला राहते आणि दुपारचं जेवण माझ्याकडे.

माझ्या सासूबाईंनी फोनवरूनच पथ्य सुरू केलं. "तिला म्हणावं, चिकू बंद." ज्या चिकूला 2016 साली डहाणू-घोलवडच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळालं, तो डहाणूत पाहुण्या पोरीपुढे ठेवायचा नाही? साखरेचा आणि मुरमांचा काही संबंध असतो असं डॉक्टरही मानतात. पण पोरगी रोज बाटलीभर थंड पेय रिचवते, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. सापडला कोण, तर बिचारा चिकू.

ताईची काळजी निराळी. "असा चेहरा घेऊन डॉक्टरसमोर कसं जायचं गं? आधी एक फेशियल करून घेऊ." कामवाली यायच्या आत भांडी घासून ठेवणाऱ्यातली ताई! तिला सांगितलं, बाई, डॉक्टरला मुरूमच बघायचे आहेत. पावडर नको, क्रीम नको, धुतलेलं तोंड तेवढं आण.

आधीचे फोटो दाखवावेत म्हणून भाचीचा मोबाइल उघडला. एकूण एक सेल्फीत गाल संगमरवरी. फोन स्वतःच मुरूम पुसतो म्हणे. खरा चेहरा सापडला तो फक्त आधार कार्डावर.

मग मी म्हटलं, आजवर तोंडाला जे जे फासलंस ते सगळं एका पिशवीत भर. पिशवी निघाली बाजाराची. तीन तऱ्हेचे फेसवॉश, एक झाकण हरवलेलं जेल, आणि तळापासून दुमडत आणलेली एक ट्यूब, जिच्या नावातलं शेवटचं 'सोन' तेवढं शिल्लक. ती शेजारच्या काकूंनी दिलेली, त्यांना दुकानदाराने दिलेली, आणि दुकानदाराने चिठ्ठी काही मागितली नाही. बीटामेथासोन, मोमेटासोन ही स्टिरॉइडं. 2018 पासून अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असा नियम आहे. लावली की चार दिवस चेहरा उजळतो, लाली जाते, काकूंची वाहवा होते. पुढे कातडी पातळ होते, मुरूम उलट वाढतात, आणि ट्यूब सोडावी तर चेहरा पेटतो. सगळ्या पिशवीत डॉक्टरच्या सर्वांत कामाची वस्तू हीच, आणि ताई नेमकी तीच कचऱ्यात टाकायला निघाली होती. "डॉक्टर ओरडतील गं!" ओरडू देत की.

पाळी नियमित येते का, हेही विचारतील, तारखा लिहून ठेव, असं म्हटल्यावर भाचीने आमच्याकडे एकवार पाहिलं. "मावशी, आई, तुम्ही दोघी बाहेर बसा." ताईला लागलं. मला पटलं. मुरमांच्या काही गोळ्या गर्भाला घातक असतात, त्यामुळे डॉक्टरला आणखीही प्रश्न विचारावे लागतात, आणि त्यांची खरी उत्तरं आई शेजारी असताना मिळत नाहीत.

तेव्हा ताई, पिशवी विसरू नकोस. काकूंना सांग, गुण यायला दीड-दोन महिने तरी लागतात, रोज गाल तपासायला येऊ नका. आणि डॉक्टरने बेंझॉइल पेरॉक्साइड दिलं तर त्याने कपड्याचा रंग उडतो. लग्नात आलेले ते नवे अभ्रे आत्ताच कपाटात टाक, आणि पोरीला जुने पांढरे काढून दे.